सव्वादोन वर्षं पुण्याची एजन्सी, आता सावद्यात आमची दोन माणसं

जानेवारी २०२२ ते एप्रिल २०२४ केळीच्या कापणीची पावती छापून देणाऱ्या आमच्या कंपनीचं सगळं सॉफ्टवेअर पुण्याच्या एका एजन्सीने बनवलं आणि सांभाळलं. त्यांचं नाव देत नाही. माणसं वाईट नव्हती, आणि जे घडलं ते दुसऱ्या एजन्सीकडेही बहुतेक तसंच घडलं असतं असं आज वाटतं. पण या सेवेबद्दल लिहायचं नक्की होतं, कारण जळगाव, धुळे, शिरपूरकडून महिन्याला दोन-तीन फोन येतात आणि प्रश्न एकच असतो: "ताई, बाहेरून करून घेऊ का घरचा माणूस ठेवू?" दहा मिनिटांत मी काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, निम्मं राहिलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

माझं शिक्षण बी.कॉम. लग्नानंतर अकरा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात केळीच्या व्यापाऱ्यांची खाती लिहिली. सासर जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचं, घरची बारा एकर केळी. त्यामुळे पावतीवरून होणारी भांडणं मी व्यापाऱ्याच्या पेढीवरही पाहिली आणि आमच्या ओसरीवरही. कापणीच्या दिवशी शेतात टोळी येते, घड उतरतात, काट्यावर वजन होतं, गाडी भरते, निघून जाते. मागे राहतो तो मुकादमाने वहीच्या पानावर लिहिलेला आकडा. आठ दिवसांनी पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबाचा कागद, येते आणि आकडा जुळत नाही. आमचं ॲप तेवढंच करतं: कोणत्या शेतात कोणती टोळी, किती घड, काट्यावर किती वजन, आणि गाडी हलायच्या आत शेतकऱ्याच्या हातात मराठीत छापलेली पावती. पॅकहाऊसवाले, म्हणजे माल पॅक करून पुढे पाठवणारे, आणि व्यापारी त्याचे दरमहा पैसे देतात.

२०२१ चा सगळा हंगाम आम्ही हे काम सॉफ्टवेअरशिवाय केलं. कार्बनची पावतीपुस्तकं, एक्सेल आणि व्हॉट्सॲप. तीन पॅकहाऊस त्यावर टिकली आणि पैसे द्यायला तयार झाली, तेव्हाच एजन्सी शोधली. हा क्रम मी आजही बदलणार नाही. गिऱ्हाईक पावतीसाठी पैसे देतं का हे कळायला डेव्हलपर लागत नाही आणि एजन्सीही लागत नाही.

कोटेशन ६ लाख ८० हजारांचं होतं, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८ लाख २ हजार ४००. चार हप्ते. त्यात अँड्रॉइड ॲप, ऑफिसात बघायला एक वेबपेज आणि सर्व्हर. मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यात ॲप हातात आलं, ठरल्यापेक्षा बारा दिवस उशिरा. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीची, कापणी जोरात होती आणि आम्ही निंभोऱ्याला पहिली पावती काढली.

एजन्सीचं कौतुक मनापासून करायचं ते इथे. पावतीसाठी आम्ही कमरेला अडकवता येतो तो छोटा थर्मल प्रिंटर घेतला होता, ५८ मिलिमीटर कागदाचा. पहिल्या चाचणीत शेतकऱ्याच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून आली. अशा बहुतेक प्रिंटरांना देवनागरी अक्षरं ठाऊकच नसतात. इंग्रजी पाठवलं तर छापतात, मराठी पाठवलं तर गोंधळतात. माझ्या तर पोटात गोळा आला, कारण इंग्रजी पावती आमच्या शेतकऱ्याला चालणार नव्हती. त्यांच्या एका इंजिनिअरने दीड दिवसात उपाय काढला: सगळी पावती आधी फोनमध्येच चित्र म्हणून तयार करायची, बरोबर ३८४ ठिपके रुंद, आणि चित्रच प्रिंटरला पाठवायचं. जोडाक्षरं, रफार, सगळं स्वच्छ आलं. हा प्रश्न त्यांनी आधी दुसऱ्या कुणाकडे सोडवलेला होता. एकटा नवा पोरगा ठेवला असता तर त्याचे तीन आठवडे त्यात गेले असते. एजन्सीचे पैसे वसूल होतात ते अशा ठिकाणी. त्यांनी दहा जागची दुखणी पाहिलेली असतात.

दुसरं असं की पहिल्या वर्षी आम्हाला नेमकं काय हवं हेच ठरलेलं नव्हतं. याचा पुरावा माझ्या स्वतःच्या चुकीत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, ॲप चालू होऊन तीनच महिने झाले असताना, मी एक नुकताच पास झालेला इंजिनिअर १८ हजारांवर ठेवला. घाई झाली होती मला. "आपला माणूस" असावा असं वाटायचं. पण कोड सगळा एजन्सीकडे, तिथे त्याला कोणी हात लावू देईना. शिकवायला इथे कोणी नाही. मी त्याला एक्सेलचे तक्ते बनवायला लावले, प्रिंटर दुरुस्त करायला पाठवलं. डिसेंबरात तो पुण्याला निघून गेला आणि जाताना म्हणाला, "ताई, इथे मी इंजिनिअर राहणार नाही." त्याचं बरोबर होतं. त्याच्या उमेदीचे चार महिने मी वाया घालवले याचं मला आजही वाईट वाटतं. ज्याला रोज उठून करायला स्वतःचं काम नाही आणि अडलं तर विचारायला माणूस नाही, अशा जागी फ्रेशरला बसवू नये.

आता पिलबागेची गोष्ट. ती नीट सांगते, कारण आमचा निर्णय तिथून सुरू झाला.

केळीचं झाड एकदाच घड देतं. घड कापला की ते झाड संपलं. त्याच्या बुडाशी आलेलं पिल राखलं तर पुढे तेच मोठं होऊन घड देतं. नव्या लागवडीचा माल तो नवती, पिलावरचा तो पिलबाग. शेत तेच, गट नंबर तोच, मालक तोच, पण पीक दुसरं. आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं, आणि म्हणूनच ते कागदावर लिहावं असं मला सुचलं नाही. एजन्सीने बनवलेल्या आराखड्याच्या चौदाव्या पानावर "एका शेताची एक कापणी" असं लिहिलं होतं. ते पान मी वाचलं होतं आणि खाली सही माझी आहे. त्यांच्या ॲपमध्ये नवती, पिलबाग, कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी) हे तीन शब्द केळीच्या जाती म्हणून एका यादीत होते, ग्रँड नैनच्या शेजारी.

पहिल्या हंगामात काही बिघडलं नाही. सगळीच शेतं नवी होती. मे २०२३ मध्ये तांदलवाडीचे एक शेतकरी आमच्या ऑफिसात आले. त्यांना गेल्या वर्षीची पावती हवी होती, व्यापाऱ्याशी जुना हिशेब राहिला होता. मी नाव टाकलं, शेत उघडलं आणि समोर आला तो परवाच्या कापणीचा आकडा. गेल्या वर्षीचा कुठेच नाही. दुसरं शेत पाहिलं, तिसरं पाहिलं. जिथे जिथे पिलबाग कापली होती तिथे नव्या नोंदीने जुनी पुसून टाकली होती. १४३ शेतं.

शनिवार होता, संध्याकाळचे साडेसहा. पुण्याला फोन लावला. मॅनेजर नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तिकीट टाका, म्हणजे तक्रार नोंदवा, सोमवारी टीम बघेल." सोमवारी टीमने पाहिलं. ज्या इंजिनिअरला आमचं काम कळत होतं तो जानेवारीतच सोडून गेला होता. त्याच्या जागचा दुसराही बदलला होता. तिसरा मुलगा हुशार होता, पण पहिला तासभर मी त्याला पिल म्हणजे काय ते सांगत बसले. बॅकअप सात दिवसांचेच ठेवले जात होते, करारात तसंच होतं. जुने आकडे मिळाले ते कार्बनच्या पुस्तकांतून, कारण आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, "यंत्रावर भरोसा बसेपर्यंत पुस्तक बंद करायचं नाही" असं बजावून ठेवलं होतं. मी, माझा दीर आणि एक पोरगी, तिघांनी नऊ दिवस बसून १४३ शेतं पुन्हा भरली. बाहेर ४५ अंशांचं ऊन आणि रोज तीस-पस्तीस गाड्यांच्या पावत्या चालू. एका रात्री शिरपूरकडचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला: "ताई, गाडी कवयनी उभी शे, पावती कोठे शे?" म्हणजे गाडी केव्हाची उभी आहे, पावती कुठे आहे. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दोष कुणाचा, यावर एजन्सीशी आमची लांबलचक बोलणी झाली. त्यांनी कागदाप्रमाणे काम केलं होतं, हे मी तेव्हाही मान्य केलं. दुरुस्तीचे पैसे त्यांनी निम्मेच घेतले, हेही सांगायला हवं. पण माझ्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. त्यांच्या तीन इंजिनिअरांना आम्ही केळी शिकवली, त्या शिकवण्याचे तासही बिलात आले, आणि शिकलेला प्रत्येक जण निघून गेला. आम्ही गिऱ्हाइकाकडून जे शिकत होतो ते साठत होतं ते दुसऱ्याच्या माणसांच्या डोक्यात.

मी हिशेबाची बाई आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एक वही होती. कोणता बदल कधी मागितला, कधी हातात आला, किती तास लागले. मे २०२२ ते ऑक्टोबर २०२३, अठरा महिने, ६१ बदल. मागितल्यापासून हातात येईपर्यंत सरासरी १७ दिवस. प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा दीड-दोन दिवसांचं. बाकीचे दिवस कोटेशन, मंजुरी, आणि त्यांच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत आमचा नंबर. मृगबागेची घाई एप्रिल ते जुलै. सतरा दिवसांच्या चालीने एका हंगामात एकामागोमाग सहा-सात गोष्टीच करून पाहता येतात. एक चुकली तर दुरुस्त करून पाहायला पुढचं वर्ष उजाडतं.

वहीचे तास मोजले तर ६६० भरले, तासाला ९०० रुपये, म्हणजे ५ लाख ९४ हजार. देखभालीचे महिना १० हजार धरून १ लाख ८० हजार. सरासरी महिन्याला ४३ हजार, जीएसटी वेगळा. सगळे लोक इथेच थांबतात: "४३ हजारांत आपला माणूस येतो, मग ठेवा." मीही थांबले असते. पण तास पुन्हा पाहिले तर महिन्याला जेमतेम ३७ तासांचं काम निघत होतं. पूर्ण वेळचा माणूस महिन्याला पावणेदोनशे तास बसतो. उरलेले तास तो काय करणार? पहिल्या पोराचं तोंड आठवलं आणि मी वही मिटली.

उत्तर वहीच्या शेवटच्या पानांवर होतं. तिथे मी सवयीने "मागितलंच नाही" अशी एक यादी लिहीत आले होते. गिऱ्हाइकाने सांगितलेलं, मला पटलेलं, पण बिलाच्या धास्तीने किंवा पुन्हा सगळं समजावून सांगायच्या कंटाळ्याने पुण्याला न कळवलेलं. ३४ गोष्टी. काट्यावर रेंज नसताना नोंद अडकते. टोळीची मजुरी त्याच पावतीतून निघावी. दांड्याच्या वजनापोटी किती घट धरायची हे प्रत्येक पॅकहाऊस वेगळं सांगतं, ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं. पहिल्या वर्षातल्या मागण्या बटणाचा रंग, अक्षराचा आकार अशा होत्या. या ३४ मधली एकही तशी नव्हती. त्या सगळ्या शेतातून आल्या होत्या, आणि त्या झाल्या असत्या तर गिऱ्हाईक वाढलं असतं. माणूस ठेवायची वेळ मला कळली ती या यादीवरून. मागितलेल्या कामापेक्षा न मागितलेलं काम जड झालं होतं.

त्यातच ऑगस्ट २०२३ आला. ३१ तारखेनंतर प्ले स्टोअरवर अपडेट टाकायचं तर ॲप अँड्रॉइड १३ साठी तयार केलेलं हवं, असा गूगलचा नियम. असा नियम ते दरवर्षी पुढे सरकवतात. म्हणजे तुम्ही ॲपला हातही लावला नाही तरी वर्षाला एकदा कुणीतरी लावावाच लागतो. एजन्सीने त्याचं वेगळं बिल पाठवलं. करारात बसत होतं, मी भरलं, पण "एकदा करून घेतलं की झालं" हा माझा समज त्या दिवशी संपला.

दिवाळीत घरात बोलणं झालं आणि आपलाच इंजिनिअर ठेवायचं ठरलं.

एजन्सीकडून निघताना एक गोष्ट अंगावर आली, ती सगळ्यांनी ऐकावी. आमच्या करारात कोडचे हक्क कुणाचे, याविषयी एकही वाक्य नव्हतं. मला वाटायचं, पैसे मी दिले, माल माझा. जळगावच्या वकीलसाहेबांनी समजावलं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचं काम म्हणून लिहिलेला कोड, उलट करार नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या कंपनीने लिहिलेला कोड मात्र पैसे दिल्याने आपोआप आपला होत नाही. हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत घातली नाही तर पाचच वर्षं धरतात, आणि प्रदेश घातला नाही तर भारतापुरतंच. शिवाय आमचं ॲप प्ले स्टोअरवर एजन्सीच्या खात्यावर होतं, सर्व्हर त्यांच्या ई-मेलवर. स्वतःचं प्ले खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात. तेवढं पहिल्या दिवशी केलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. एजन्सीने शेवटी सगळं सही करून दिलं, आडकाठी केली नाही, पण ते त्यांच्या चांगुलपणावर होतं. कोटेशनवर सही करतानाच हक्कांचा कागद, आपल्या नावाचं प्ले खातं, आपल्या नावाचा सर्व्हर आणि दर आठवड्याला कोडची प्रत, एवढं मागून घ्या. बॅकअप किती दिवसांचे, तेही विचारा.

माणूस मिळाला तो बोदवडचा. शिक्षण बांभोरीच्या कॉलेजात, मग पुण्यात पाच वर्षं नोकरी. वडिलांना अर्धांगवायू झाला होता आणि त्याला गावाजवळ यायचं होतं. आपल्याकडचे असे कितीतरी पोरं-पोरी पुण्यात आहेत. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसतात, शनिवारी गावी, रविवारी रात्री पुन्हा गाडीत. त्यातल्या काहींना परत यायचंच असतं, फक्त इथे त्यांच्या जोगं काम आहे हे कुणी सांगत नाही.

मला कोडिंग तपासता येत नाही. ते तपासायला ओळखीतल्या एका अनुभवी इंजिनिअरला दोन तास व्हिडिओ कॉलवर बसवलं. माझी परीक्षा निराळी होती. त्याला चिनावलच्या पॅकहाऊसवर सकाळी सहाला नेलं, काट्याशेजारी खुर्ची दिली आणि म्हटलं, संध्याकाळी सांग, काय बदलशील. दिवसाचे पैसे दिले.

संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, काट्यावरचा माणूस फोनला हातच लावत नाही. त्याच्या दोन्ही हातांना चीक आहे. तो वजन ओरडून सांगतो आणि दुसरा पोरगा नाक्यावरून चहा घेऊन आला की मग भरतो. मधले चार घड राहतात." केळीचा चीक हाताला लागला की बोटं चिकटतात, काळे डाग पडतात, टचस्क्रीनवर बोट चालत नाही. दीड वर्ष मी त्या काट्यावर जात होते आणि हे मला दिसलं नव्हतं. पुण्यातून तर कुणाला दिसणारच नव्हतं. त्याने सुचवलं: स्क्रीनला हात लावायचाच नाही. काट्यावरचं वजन ब्लूटूथने फोनमध्ये येऊ द्यायचं आणि फोनच्या कडेचं आवाज वाढवायचं बटण कोपराने नाहीतर अंगठ्याने दाबलं की नोंद पक्की. डिसेंबरच्या एक तारखेला तो रुजू झाला आणि संक्रांतीपर्यंत हे चालू झालं होतं. आज आमचं गिऱ्हाईक दुसऱ्याला ॲप दाखवतं तेव्हा सगळ्यात आधी हे बटण दाखवतं.

पगार ४५ हजारांनी सुरू केला. पुण्यात त्याला जास्त मिळत होतं, म्हणून कंपनीत थोडे शेअरही देऊ केले. कायद्याने असे शेअर हातात पडायला किमान एक वर्ष जावं लागतं, ते त्याला आधीच स्पष्ट सांगितलं. लॅपटॉप ६८ हजारांचा. आणि एप्रिलपर्यंत चार महिने एजन्सीलाही पैसे चालू ठेवले, कारण कोड हातात आला तरी तो कळायला वेळ लागतो. या चार महिन्यांचा दुहेरी खर्च कुणी धरत नाही. तो धरून पैसे नसतील तर थोडं थांबा. पहिल्या सहा महिन्यांत घरचा माणूस आम्हाला एजन्सीपेक्षा महागच पडला, हे मी लपवणार नाही. माझा वेळही गेला: रोज सकाळी अर्धा तास त्याच्यासोबत, आज काय, अडलं कुठे. एजन्सीला फोन करून विसरता येतं. घरच्या माणसाला तसं विसरलं की तो डिसेंबरात पुण्याला जातो.

जुलै २०२४ मध्ये त्याला टायफॉइड झाला. अकरा दिवस. त्यातल्या तिसऱ्या दिवशी एका पॅकहाऊसच्या पावत्या अडकल्या आणि कोडला हात लावणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने बोदवडला अंथरुणात बसून ते दुरुस्त केलं. त्याची आई फोनवर मला काही बोलली नाही, पण मला तिचा आवाज कळला. पुढच्याच महिन्यात दुसरं माणूस म्हणून एक मुलगी घेतली, शिरपूरच्या आर. सी. पटेल इन्स्टिट्यूटमधून त्याच वर्षी पास झालेली. या वेळी फ्रेशर चालली, कारण शिकवणारा शेजारी बसलेला होता. ती आता सर्व्हरची बाजू सांभाळते आणि दोघांनी एकमेकांचा कोड वाचल्याशिवाय काही पुढे जात नाही.

सगळंच घरी आणलं असं नाही. हिशेब टॅलीवर आहेत आणि राहतील. कंपनीची वेबसाइट अजून त्याच एजन्सीकडे आहे. वर्षातून दोनदा बदलते आणि ते छान करतात. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय तयार विकत घेतली. सुरक्षेची तपासणी बाहेरच्यांकडून, कारण आपल्याच माणसाला आपली चूक दिसत नाही. घरी आणली ती फक्त पावती आणि काटा, ज्यासाठी गिऱ्हाईक आमच्याकडे येतं.

तारे द्यायचे तर एजन्सीच्या पहिल्या वर्षाला पाचपैकी साडेचार, ते प्रिंटरच्या पावतीसाठी आणि वेळेच्या आसपास दिलेल्या ॲपसाठी. दुसऱ्या वर्षाला दोन. तीच कंपनी, तीच पद्धत. आमचं काम बदललं होतं. ज्यांचं सॉफ्टवेअर एकदा ठरलं की वर्षभर तसंच चालणार आहे, दुकानाची ऑर्डर, क्लासेसची फी, त्यांनी एजन्सीकडेच जावं, माणूस ठेवून त्याला बसवून ठेवू नये. आणि ज्याला अजून पहिली तीन गिऱ्हाइकंही मिळाली नाहीत त्याने दोन्ही करू नये, पावतीपुस्तक घ्यावं.

गेल्या महिन्यात शहाद्याहून एका पपईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्यांचं म्हणणं, ॲप आवडलं, पण पपईचं एक शेत एकदा कापून संपत नाही, महिनोन् महिने तोडे चालतात, प्रत्येक तोड्याचा भाव वेगळा. दोन वर्षांपूर्वी असा फोन आला असता तर मी कोटेशन मागवलं असतं आणि १७ दिवस मोजले असते. पिलबागेनंतर एका शेताला हव्या तितक्या कापण्या जोडता येतील अशी मांडणी या दोघांनी केलेली होतीच. सोमवारी दोघं गाडी घेऊन शहाद्याला गेली आणि बांधावर बसूनच नावं बदलली: घडाऐवजी नग, कापणीऐवजी तोडा. बुधवारी रात्री फोटो आला. कागदात गुंडाळलेल्या पपयांच्या शेजारी ठेवलेली पावती, वर शेतकऱ्याचं नाव, खाली "तोडा क्र. ३", रफारासकट नीट छापलेलं.